मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत

'मॅरेथॉन' हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांतील शाळकरी मुलांच्याही तोंडी झालेला आहे. कोठे पाच किलोमीटरची धाव झाली तरी तिला मॅरेथॉन म्हणण्याची रूढी पडली आहे. वस्तुतः मॅरेथॉन हे एका गावाचे नाव होय. ग्रीस देशाची राजधानी जे अथेन्स, त्याच्या ईशान्येस समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या सपाट प्रदेशात हे गाव वसलेले आहे. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बडीशेप असा आहे; तिच्या रानावरूनच गावाला हे नाव पडले असे मानतात. या गावापासून अथेन्सच्या संगमरवरी क्रीडांगणापर्यंतचा ४२ किलोमीटर १९५ मीटरचा रस्ता २०२४ च्या नोव्हेंबरातील दुसऱ्या रविवारी आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती यांनी काही धावत व काही चालत पुरा केला. आम्हां उभयतांची पन्नाशी उलटलेली आहे आणि यापूर्वी अशा शर्यतीत आम्ही कधी उतरलो नव्हतो. त्या रस्त्याची आणि त्याच्या तयारीची हकीकत वाचकांस सांगावी, म्हणून हा लेख.

ख्रिस्तपूर्व ४९० मध्ये या मैदानावर अथेन्सच्या लोकांनी इराणच्या बलाढ्य सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला आणि ती सांगताच गतप्राण झाला, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु त्या युद्धाचा जुना इतिहासकार हिरोडोटस याने ती दिलेली नाही. त्याने लिहिले आहे ते फिडिपिडीस नावाच्या धावकाविषयी, आणि तोही मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टापर्यंत, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, गेला होता. प्राण सोडणाऱ्या दूताची कथा पुढे कित्येक शतकांनी प्लुटार्क आणि ल्युशियन यांच्या लेखनात येते. तथापि त्या कथेवरूनच १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांत ही शर्यत ठेवण्यात आली. तेव्हा अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. आजचे नेमके अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ साली कायम झाले.

त्या पहिल्या शर्यतीत मारूसी गावचा स्पिरिडॉन लुईस हा पाणी वाहणारा मनुष्य २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत पहिला आला. आरंभी वेगाने पुढे गेलेला फ्रेंच धावक आणि त्यानंतर आघाडीवर आलेला ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक हे दोघेही वाटेतच गळाले. दुसऱ्या दिवशी स्टामाटा रेव्हिथी नावाची एक गरीब स्त्री त्याच रस्त्याने एकटीच धावली. स्त्री म्हणून तिला आदल्या दिवशीच्या शर्यतीत घेतले नव्हते. एक मूल गमावलेले, दुसरे तान्हे, अशा स्थितीत तिने सुमारे साडेपाच तासांत अंतर पुरे केले. पण तिला क्रीडांगणात पाऊल टाकू दिले नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू होण्यास १९८४ साल उजाडावे लागले.

आमच्या सौभाग्यवतींनी ही हकीकत प्रथम वाचली तेव्हाच या प्रवासाचे बीज पडले. त्यांना बालपणी धावण्याची अतिशय आवड होती. परंतु मुलगी मोठी झाली की तिने मैदानात धावू नये, अशी त्या वेळची समजूत होती. आवड मनातच राहिली. "रेव्हिथीला जेथे शिरू दिले नाही, तेथे मला एकदा जायचे आहे," एवढेच त्या म्हणाल्या. मग नाही कसे म्हणावे?

आम्ही बेळगावचे. आमच्या या गावाचा मॅरेथॉनशी जुना संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने आणि दोराबजी टाटांच्या साहाय्याने १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा जो संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. तेथील मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. ती चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्यांच्या वेगाची बरोबरी आम्ही काय करणार? आम्हांला आमच्या वयास साजेशी रीत हवी होती.

ती रीत जेफ गॅलोवे या अमेरिकन धावकाने घालून दिलेली आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरच्या शर्यतीत ते उतरले होते. पुढे १९७४ पासून नवख्या माणसांना शिकविताना त्यांनी ही पद्धत बसविली. तिचे मर्म सोपे आहे. दम लागल्यावर चालायचे नाही, तर दम लागण्यापूर्वीच, अगदी पहिल्या किलोमीटरपासून, ठरावीक वेळाने चालायचे. धावताना ज्या स्नायूंवर भार पडतो त्यांना थोडी थोडी विश्रांती मिळत राहते आणि शेवटच्या टप्प्यासाठी बळ शिल्लक राहते. तीन मिनिटे धावणे व एक मिनिट चालणे, हे प्रमाण आम्ही धरले.

प्रथम आम्ही डॉक्टरांकडून प्रकृती तपासून घेतली आणि मे महिन्याच्या आरंभी सुरुवात केली. आठवड्यातून तीनच दिवस: मंगळवारी व गुरुवारी अर्धा अर्धा तास, आणि शनिवारी लांबचा पल्ला. पहिला पल्ला ५ किलोमीटरचा. मग दर पंधरवड्यास ३ किलोमीटरची भर. जुलैअखेर २३ किलोमीटर झाले. त्यानंतर तीन तीन आठवड्यांच्या अंतराने २८, ३२, ३६ आणि शर्यतीपूर्वी तीन आठवडे ४०. मधल्या शनिवारी पल्ला लहान, कारण शरीर बळकट होते ते विश्रांतीत. आमचा मार्ग बहुधा खानापूर रस्त्याचा: उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे. ऑगस्टातील पावसात चिंब होऊन आम्ही खानापूर गाठले आणि आगगाडीने परत आलो. चालण्याची पाळी आली की रस्त्यावरचे लोक थांबून पाहत. एका शेतकऱ्याने कळवळून विचारले, "काय ओ, बस चुकली काय तुमची?"

लांबच्या पल्ल्यावर वेग इतका मंद हवा की धावता धावता बोलता आले पाहिजे, असा या पद्धतीचा दंडक आहे. आम्ही बोलण्याऐवजी रोझरी म्हणू लागलो. मण्यांचे एक दशक सावकाश म्हणेपर्यंत सुमारे तीन मिनिटे होतात. मग चालताना तीन 'नमो मारिया'. प्रार्थना म्हणताना धाप लागली की वेग जास्त झाला असे समजावे. जपमाळ म्हणजे घड्याळ नव्हे, हे आम्ही जाणतो. मनगटावर घड्याळ होतेच. पण त्या सत्तावीस आठवड्यांत आमच्या घरची रोझरी एरवीपेक्षा अधिक नियमित झाली, हेही खरे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही अरेओपागस टेकडीवर गेलो. ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी असलेला हा उघडा, गुळगुळीत झालेला खडक. इसवी सनाच्या पन्नासच्या सुमारास संत पौलाने अथेन्सच्या विद्वानांना अज्ञात देवाविषयी जे सांगितले, त्याच्याशी हे स्थान जोडलेले आहे. त्या भाषणाचा ग्रीक पाठ कोरलेला धातूचा फलक पायथ्याशी लावलेला आहे. पुष्कळांनी थट्टा केली. थोड्यांनी विश्वास ठेवला. त्या थोड्यांत दियोनिसियस हा न्यायसभासद आणि दामारिस नावाची एक स्त्री होती. त्याच संत दियोनिसियसच्या नावे अथेन्सचे कॅथलिक कॅथेड्रल आहे. १८६५ साली खुले झालेल्या या मंदिरात आम्ही सायंकाळच्या मिस्साला हजर राहिलो, कारण रविवारी पहाटेच निघायचे होते. ग्रीसमध्ये बहुसंख्य ख्रिस्ती ऑर्थोडॉक्स आहेत, कॅथलिक थोडे. भाषा कळत नव्हती, तरी मिस्सेचा प्रत्येक भाग ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी बसने धावकांना मॅरेथॉन गावी नेण्यात आले. सकाळी नऊला शर्यत सुरू झाली. सर्वजण धावत सुटले आणि तीन मिनिटांनी आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला होऊन चालू लागलो! शेकडो लोक पुढे निघून गेले. या रीतीत सर्वांत कठीण काही असेल तर तो हा पहिला तास. पायांना नव्हे, अभिमानाला.

सुमारे पाचव्या किलोमीटरपाशी रस्ता एका मातीच्या उंचवट्याला वळसा घालतो. युद्धात पडलेल्या १९२ अथेन्सवासीयांची ही समाधी. पुढे ऑलिव्हची झाडे, मग नेआ माक्री, आणि त्यानंतर माती नावाचे किनाऱ्यालगतचे गाव. २३ जुलै २०१८ रोजी येथे वणवा पसरला आणि १०४ माणसे मृत्यू पावली. नोव्हेंबर हा मृत भाविकांचा महिना. त्या ठिकाणचे एक दशक आम्ही त्या सर्वांच्या आत्म्यांसाठी म्हटले. वाटेत म्हाताऱ्या बायका ऑलिव्हच्या डहाळ्या धावकांच्या हाती देत होत्या. सौभाग्यवतींनी एक घेऊन केसांत खोवली.

दहाव्या किलोमीटरनंतर चढ लागतो आणि तो एकतिसाव्यापर्यंत थोड्याफार फरकाने चालूच राहतो. रफिना मागे पडले, पिकेर्मी आले. लुईसने येथे थांबून पेलाभर मद्य घेतले असे सांगतात. आम्ही पाण्यावर भागविले. निम्मे अंतर ३ तास ८ मिनिटांत झाले होते. परंतु चोविसाव्या किलोमीटरपाशी सौभाग्यवतींचा उजवा गुडघा धरला. प्रथमोपचाराच्या ठिकाणी स्वयंसेवकांनी बर्फ लावला, सूज नाही असे पाहिले आणि चालण्यास हरकत नाही असे खुणेने सांगितले. "आपण पुढे व्हा," सौभाग्यवती म्हणाल्या. एकाला थांबावे लागले तर दुसऱ्याने पुढे जावे, असे आम्ही बेळगावीच ठरविले होते.

आम्ही गेलो नाही. रेव्हिथीच्या क्रीडांगणात शिरण्याची इच्छा ज्यांची, त्यांना रस्त्यावर ठेवून आम्ही तेथे काय करणार होतो? शर्यतीस आठ तासांची मुदत होती. साडेतीन तास खर्ची पडले होते आणि अठरा किलोमीटर उरले होते. नुसते चालत गेलो तरी वेळेत पोहोचू, असा हिशेब निघाला. मग चढाचे सात किलोमीटर आम्ही केवळ चाललो. डाव्या-उजव्या बाजूंनी लोक "ब्राव्हो" म्हणून ओरडत होते. उजव्या हाताला पेंटेली डोंगर दिसत होता. पार्थेनॉनचा आणि आमच्या मुक्कामाच्या क्रीडांगणाचा संगमरवर त्याच डोंगरातला.

चढ संपला तेव्हा गुडघ्याची कळ कमी झाली होती. उतारावर एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे, असे सुरू केले. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये याच मार्गाच्या शेवटच्या भागात आघाडीवर असलेल्या ब्राझीलच्या व्हांदेर्लेई द लिमा यांना एका प्रेक्षकाने धरून बाजूला ढकलले होते. जवळच्या एका ग्रीक गृहस्थाने त्यांना सोडविले. ते पुन्हा धावू लागले आणि तिसरे येऊन हसत क्रीडांगणात शिरले. आता आमच्या पुढेमागे पुष्कळजण लंगडत होते. सकाळी आम्हांला मागे टाकून गेलेल्यांपैकीही काही होते. त्यांना पाहून आनंद वाटण्याऐवजी आपुलकी वाटली.

६ तास ४४ मिनिटांनी आम्ही त्या पांढऱ्या संगमरवरी क्रीडांगणात आलो. सौभाग्यवती दोन पावले पुढे होत्या. रेषा ओलांडून त्या थांबल्या, क्रुसाची खूण केली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना धावकाची उपमा घेतली आहे. क्रीडांगणातील मुकुट सुकून जातो, आपण मात्र न सुकणाऱ्या मुकुटासाठी धावावे, असा त्याचा भाव आहे. सौभाग्यवतींची ऑलिव्हची डहाळी आता आमच्या घरच्या वेदीवर आहे आणि ती खरोखरच सुकली आहे. पण संयमाने रोजचे थोडे करावे, पहिल्यापासून विश्रांतीला कमीपणा मानू नये, आणि सोबत्याचा पाय दुखला तर आपली चाल त्याच्यासारखी करावी, हे तिच्याबरोबर आम्ही घरी आणले ते अद्याप टिकून आहे. वाचकांपैकी कोणास धावण्याची इच्छा असेल, तर त्यांनी वयाकडे पाहून निराश होऊ नये. डॉक्टरांना विचारून एक मिनिट धावावे, एक मिनिट चालावे. रविवारी मिस्साला जाताना वाहन घरी ठेवून पायी निघालात, तर तीही चांगली सुरुवात होईल.