दिल्ली पाहावी सासूबाईंबरोबर

मैत्रिणींनो, दिल्ली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? लाल किल्ला, कुतुबमिनार आणि सव्वीस जानेवारीचं संचलन, हो ना? माझंही तसंच होतं. बावीस वर्षांच्या संसारात लोहाऱ्याहून मी फार तर नागपूर, माहूर, पंढरपूर गाठलं. सासूबाई तर आषाढीच्या वारीखेरीज कुठं गेल्याच नाहीत. मामंजी गेले तेव्हा त्या एकदाच बोलल्या, "तुले दिल्ली दाखवतो म्हनत होते. राह्यलंच." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

गेल्या डिसेंबरात कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे हाती आले आणि मी विषय काढला. "घर कोण बघेल?" हा प्रश्न आलाच. मी म्हटलं, "ज्यांचं घर आहे ते बघतील!" तिळाची चटणी, लोणचं भरून ठेवलं, मुलांना कुकर लावायला शिकवलं आणि आम्ही दोघी निघालो. यवतमाळहून एस.टी.नं नागपूर, तिथून रात्रीची आगगाडी. दुसऱ्या दिवशी दिल्ली!

पहिल्यांदा लाल किल्ला. शहाजहाननं १६३९ साली बांधायला घेतला, १६४८ साली पूर्ण झाला. आतल्या दिवाण-ए-खासला पूर्वी चांदीचं छत होतं. पानिपतच्या आधी, १७६० साली आपल्या सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी ते उतरवून वितळवलं. मी हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "अडीनडीले दागिनाच मोडतात माय." त्यांच्या पाटल्या एका दुष्काळात बियाण्यासाठी मोडल्या होत्या, त्या पुन्हा झाल्याच नाहीत. मी गप्प बसले.

किल्ल्यातून बाहेर पडलं की समोरच चांदणी चौक. मैत्रिणींनो, हा बाजार वसवला तो शहाजहानच्या मुलीनं, जहाँआरा बेगमनं, १६५० साली! मुमताजच्या मागं तिच्या दौलतीतला अर्धा वाटा या मुलीला मिळाला होता. रस्त्याच्या मधून तेव्हा कालवा वाहायचा. त्याच्या हौदात चांदणं पडायचं, म्हणून चांदणी चौक, असं सांगतात. आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला फत्तेपुरी मशीद आहे ती शहाजहानच्या फत्तेपुरी बेगमनं बांधलेली. म्हणजे रस्ता लेकीचा आणि त्याचं टोक बायकोचं! सासूबाई मध्येच थांबल्या. "काऊन वं, हे सारं बाईमानसानं केलं?" आणि मग प्रत्येक दुकानाकडं निराळ्याच नजरेनं पाहू लागल्या.

आता खाण्याचं सांगते. पराठेवाली गली दीडशे वर्षांची जुनी आहे. तिथला पराठा तव्यावर भाजत नाहीत, पसरट कढईत तुपात तळतात. सोबत लाल भोपळ्याची भाजी, बटाट्याची भाजी आणि केळ्याच्या चकत्या घातलेली चिंचेची गोड चटणी. सासूबाई माळकरी, पण तिथल्या जुन्या दुकानांत कांदा-लसूण वापरत नाहीत, त्यामुळं त्यांची सोय झाली. एक घास घेऊन त्या म्हणाल्या, "हा पराठा कायचा? ही तर पुरीची थोरली जाऊ!" दरीब्याच्या तोंडाशी जाडजूड जिलेबी मिळते, ती गरमच खावी. आणि थंडीत गेलात तर 'दौलत की चाट' चुकवू नका. नाव चाट, पण ती नुसता दुधाचा फेस! वर पिठीसाखर अन् पिस्ते. जिभेवर ठेवली की नाहीशी होते. फत्तेपुरीजवळच खारी बावली हा मसाल्यांचा मोठा बाजार. तिथं शिंकत शिंकत आम्ही हिंग अन् जायफळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी हुमायूनची कबर पाहिली. तीही त्याच्या बेगमेनंच बांधवून घेतली, ताजमहालाच्या कितीतरी आधी. जवळच निजामुद्दीनचा दर्गा. मुख्य मजारीच्या आत बायकांना जाता येत नाही, बाहेर जाळीपाशी बसावं लागतं. पण त्याच आवारात संगमरवरी जाळीच्या आड जहाँआराची कबर आहे. वर छत नाही, कबरीवर नुसतं गवत. तीच तिची इच्छा होती. बापाला औरंगजेबानं आग्र्याला कैदेत ठेवलं तेव्हा ही त्याच्या मरणापर्यंत सोबत राहिली. १६८१ साली ती गेली. सासूबाई जाळीला हात लावून बराच वेळ उभ्या होत्या.

जाणार असाल तर थोडं ध्यानात ठेवा. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. चांदणी चौकात पायीच फिरा, लांबच्या ठिकाणांसाठी मेट्रो सोयीची. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर, शाल, पायमोजे हवेतच. पिण्याचं पाणी जवळ बाळगा आणि उघड्यावरची कापलेली फळं टाळा.

घरी परतलो तेव्हा ओट्यावर भांड्यांचा ढीग होता, पण घर जागेवर होतं! सासूबाई हातपाय धुऊन मामंजींच्या फोटोपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "पाह्यली बरं दिल्ली," एवढंच म्हणाल्या.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणाची तरी दिल्ली राहिली असेल. एकदा विचारून तर पाहा.