मांडीवरची पेटी

तालीम सुरू व्हायला वेळ होता. तबलजी शेतातून यायचा होता, ओट्यावर सतरंजी पसरून झाली होती आणि मी मोबाइलवर 'सेक्स्तेतो मायोर' या टँगो वाद्यवृंदाचं एक जुनं वादन लावून बसलो होतो. दोन बांदोनिऑन, दोन व्हायोलिन, पियानो आणि डबल बास. एका ठिकाणी सगळे थांबतात आणि सूर नसलेला, नुसत्या हवेचा आवाज येतो. भाता उघडल्याचा. पेटीमास्तर पानाला चुना लावत होते, त्यांचा हात थांबला.

"हे त पेटीच हाय जी. मांडीवर घेतली, एवढंच." मग थोडं ऐकून, "अन् यांचा तबलजी कुठी गेला?"

टँगोच्या या वाद्यवृंदांत तबला नसतो, ढोल नसतो. ठेका असतो पियानोच्या डाव्या हातात आणि बासच्या तारांत, फार तर एखादा वादक वाद्याच्या लाकडावर थाप मारून जातो. खंजिरीवरच्या भजनांत वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला हे मीठ विसरलेल्या वरणासारखं लागणार. मलाही पहिल्यांदा लागलं होतं.

पेटीचं म्हणाल तर बांदोनिऑनशी तिचं नातं सख्खं आहे. दोन्हींत हवेने थरथरणारी धातूची पातळ पट्टीच गाते. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हाइनरिश बॅन्ड यांनी 1840च्या दशकात बांदोनिऑनचा प्रसार केला. ज्या चर्चना ऑर्गन परवडत नव्हता, त्यांचंही त्यावर भागायचं. त्याच सुमारास, 1842मध्ये, पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पहिलं वाद्य पोट भरायला निघालेल्यांबरोबर अटलांटिक ओलांडून ब्युनोस आयर्सच्या नाचघरांत शिरलं. दुसरं मिशनऱ्यांबरोबर इकडे आलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875मध्ये पायाचा भाता काढून तो हाताशी आणला आणि पेटी जमिनीवर बसली, ती बसलीच.

तिला उठवायचा प्रयत्न झाला. 1940च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. टागोरांनाही ती नको होती. सूर बांधलेले, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. तक्रार खोटी नव्हती. दरबारीतला गंधार पेटीवर मला स्वतःला ऐकवत नाही. बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. पण या तीस वर्षांत देवळांतल्या पेट्यांना कुणी ही बातमी कळवली नसावी. खेड्यात भजन चालूच होतं. तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव हिंडत होते, स्वतः रचलेली भजनं स्वतःच गात होते. 1942च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना धरलं आणि नागपूर-रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. तिकडे रेडिओवाले श्रुती मोजत होते.

आमच्या देवळातल्या पेटीला श्रुतीचा प्रश्नच नाही, तिचे प्रश्न वेगळे. भात्याची घडी उंदराने कुरतडली म्हणून तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला आहे. पावसाळ्यात लाकूड फुगलं की एक काळी पट्टी दाबल्यावर वर येत नाही. मास्तर चालू अभंगात ती करंगळीच्या नखाने उचलतात आणि पुढच्या सुरावर वेळेत पोचतात. हे नख त्यांच्या वादनाचाच भाग झालंय. नवी पेटी घ्या म्हटलं की ते विषय बदलतात. बांदोनिऑनची गंमत त्यांना सांगितली, की एकच कळ भाता उघडताना एक सूर देते आणि मिटताना दुसरा, आणि अशा कळा 71. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग वाजवतात कसं लेकाचे?"

वाजवतात, आणि वर भांडतातही. आस्तोर पियाझोलाने 1960 साली इलेक्ट्रिक गिटार घेऊन पंचक उभारलं, तेव्हा जुने रसिक खवळले होते. हा टँगोच नव्हे म्हणाले. त्याने वडील वारल्यावर, 1959मध्ये रचलेला 'अदिओस नोनिनो' आज जुन्यांच्या पंगतीत वाजतो. 'सेक्स्तेतो मायोर' 1973मध्ये होसे लिबेर्तेला आणि लुइस स्तासो यांनी काढला. दोघेही बांदोनिऑनवाले. त्यांनी 'ला कुम्पार्सिता' वाजवली तशी लिबेर्तेलाची 'पारिस ओतोन्याल'ही. 'ला कुम्पार्सिता'चा मला आता कंटाळा येतो, हे टँगोवाल्यांत बोलायची सोय नाही.

जुनी गोष्ट घेऊन तिला आपली रचना देणं आमच्या वाशीमला तरी परकं असू नये. चौथ्या शतकात इथे, वत्सगुल्मात, राज्य करणाऱ्या सर्वसेन वाकाटकाने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचलं. कथा सर्वांना ठाऊक असलेली, कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणल्याची. काव्य हरवलं. अलंकारशास्त्र लिहिणाऱ्यांनी उदाहरणासाठी उचललेले तुकडे तेवढे उरले. राजशेखराने तर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्नच वत्सगुल्मात लावलंय. बसस्थानकावर हे कुणाला सांगितलं तर तो रिसोडची गाडी लागली का, एवढंच विचारील.

आमच्या मंडळातल्या एकाने सोयाबीनच्या भावावर भजन रचलंय. चाल त्याचीच, अंतऱ्याला अनपेक्षित वळण घेणारी. तालमीत ते रोज होतं. स्पर्धेत कधीच नाही. तिथे ठरलेले अभंग, ठरलेली गौळण, सिनेमाच्या चाली वर्ज्य, आणि स्वतःच्या चालीला गुणच नाहीत. भजनस्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती आहे, येत्या कार्तिकात प्रत्येक मंडळाला एक स्वतःची चाल सक्तीची करा आणि तिला पंचवीस गुण ठेवा.