नाकाचे परसदार

चिरूट ओढणारा गृहस्थ आता शोधूनही सापडत नाही. विडी आहे, सिगारेट आहे, तंबाखूची चिमूट तर घरोघर आहे. परंतु पानाची जाड वळी दोन बोटांत धरून अर्धा तास निवांत बसणारा मनुष्य आमच्या सौंसर तालुक्यात आम्ही एकच पाहिला. ते लोधीखेड्याचे राहणारे, आमच्याच व्यवसायातील एक वयोवृद्ध सहकारी होते. 'चिरूट' हा शब्द मूळचा तमिळ. त्याचा अर्थ गुंडाळी. त्रिचनापल्लीच्या चिरुटाची ख्याती एके काळी एवढी होती, की 1887 साली प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कथेत खुनी मनुष्य तोच चिरूट ओढतो, हे अनुमान जमिनीवर पडलेल्या राखेवरून काढलेले आहे. आम्हां वकिलांना असा पुरावा क्वचितच लाभतो.

आम्ही स्वतः धूम्रपान करीत नाही, पण पाहण्याची हौस आम्हांस आहे. हे गृहस्थ धूर छातीत कधीच ओढीत नसत. तो तोंडात घोळवावा, बहुतेक तोंडानेच सोडून द्यावा, आणि चौथ्या-पाचव्या झुरक्याला ओठ मिटून त्यातील एक बारीकशी रेघ नाकावाटे जाऊ द्यावी, असा त्यांचा क्रम असे. त्या वेळी त्यांचे डोळे अर्धवट मिटत. याचे कारण विचारता ते म्हणाले, "अहो, तोंडाला नुसता कडूपणा कळतो. चिरूट कळतो तो नाकाला." हे वाक्य पुढे आम्हांस एका दाव्यात उपयोगी पडले, त्याची हकीगत सांगण्यासाठीच हा लेख आहे.

त्यांच्या म्हणण्यात व्यसनी मनुष्याची लहर मुळीच नव्हती. चिरुटाचा धूर बहुधा क्षारधर्मी असतो. त्यातील निकोटिन तोंडातील नाजूक त्वचेतूनच रक्तात शिरते, म्हणून तो छातीत नेण्याची गरज पडत नाही. परंतु तोंडात थांबलेल्या धुराला जीभ दोन-तीनच विशेषणे लावू शकते: कडू, किंचित गोड, किंचित खारट. जाणकार लोक चिरुटात लाकूड, कातडे, कॉफी, वाळलेले गवत असे जे जे ओळखतात, ते सारे धूर घशामागून वर चढून नाकावाटे बाहेर पडताना ओळखतात. नाकाला दोन दारे आहेत. पुढल्या दाराने फुलाचा वास येतो. मागले दार टाळूच्या पलीकडे घशात उघडते, आणि तोंडातल्या पदार्थाचा गंध त्या परसदाराने वर जातो. गंमत अशी, की या दाराने आलेल्या गंधाला आपण गंध म्हणत नाहीच. तो जिभेच्या खात्यावर जमा करून त्याला 'चव' म्हणतो. धुराने नाकात जी मिरीसारखी चुणचुण होते, तिचे खाते आणखी निराळे. ती मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाचव्या जोडीची करामत होय. मिरचीचा ठसका आणि मोहरीचा झणका हीच जोडी कळविते.

वाचकांपैकी कोणी याच्या पडताळ्यासाठी चिरूट पेटवू नये. आमच्या भागात त्यासाठी संत्रे आहे. आंबिया बहाराचे असो की मृग बहाराचे, एक फोड नाक चिमटीत धरून चावावी. आंबटगोड पाणी तोंडात येते, यापलीकडे काही नाही. ते लिंबूसाखरेचे सरबत आहे असे कोणी म्हटले तर खोडून काढता येणार नाही. मग चिमूट सोडावी. श्वास नाकावाटे बाहेर पडताच तोंडात संत्रे प्रकट होते. आमच्या कोकणी वाचकांनी हाच प्रयोग दाळितोयवर करून पाहावा. नाक धरले असता त्यातील हिंगाची फोडणी कोठे जाते, हे त्यांनीच सांगावे. कोकणीत 'रूच' आणि 'परमळ' हे दोन शब्द वेगळे आहेत, मराठीतही 'चव' आणि 'वास' वेगळे आहेत. परंतु मराठीने 'खमंग' असा एक शब्द घडविला आहे, की तो नाकाचा की जिभेचा हे पंडितालाही ठरविता येऊ नये.

आमच्या शास्त्रकारांनी मात्र या दोन इंद्रियांची वाटणी काटेकोर केली होती. तर्कसंग्रहात रस हा जिभेचा विषय आणि रसनेंद्रिय जलाचे. गंध हा नाकाचा विषय आणि घ्राणेंद्रिय पृथ्वीचे. रस सहा, गंध दोनच: सुरभि आणि असुरभि. (त्या सहांतील 'कटु' म्हणजे आपले तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपले कडू. मराठीत येता येता 'कटु'चा 'कडू' झाला आणि अर्थाने घर बदलले.) आजचे शास्त्र तिखटाला रसात धरीत नाही, आणि गंध ओळखणारी ग्रहणद्वारे माणसाच्या नाकात सुमारे 400 प्रकारची आहेत असे सांगते. या शोधाचा पाया घालणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना 2004 साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याला आपण दोनच कप्पे दिले, त्या गंधाचा पसारा जिभेच्या कितीतरी पट निघाला.

चरकसंहिता चाळताना आम्हांस याहून मोठे आश्चर्य भेटले. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात धूमपानाचा विधी आहे. तंबाखू तेव्हा या देशात नव्हतीच. ती पुढे पोर्तुगीजांबरोबर आली, आणि विजापुराहून परतलेल्या असदबेगाने अकबराच्या दरबारात ती नेली तेव्हा सतरावे शतक नुकते लागले होते. चरकाची वर्ती चंदन, वाळा, वेलदोडा अशा सुगंधी द्रव्यांची असून तिची आकृती अंगठ्याएवढी जाड, आठ अंगुळे लांब आणि आतून पोकळ सांगितली आहे. चिरुटाचेच वर्णन वाटावे! परंतु त्यात स्पष्ट निषेध आहे, की तोंडाने घेतलेला धूर नाकाने सोडू नये. उलट्या मार्गाने गेलेला धूर डोळ्यांस अपाय करतो. आमचे सहकारी जे मिटल्या डोळ्यांनी करीत, तेच आचार्यांनी डोळ्यांसाठी वर्ज्य केले होते. आमच्या मते यात विरोध नाही. वैद्याला धूर औषध म्हणून हवा होता, रसिकाला रुचीसाठी. आणि रुचीची किंमतही रसिकच भरतो. तंबाखूचा धूर हळूहळू घ्राणशक्तीच बोथट करतो, आणि छातीत न घेतलेला चिरूटही तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे कारण होतोच. 2003 च्या तंबाखूविषयक कायद्याने परिशिष्टात सिगार आणि चिरूट यांची निरनिराळी नोंद केली आहे. त्या कायद्याखालील सार्वजनिक जागांचे नियम 2 ऑक्टोबर 2008 रोजी लागू झाल्यावर आमच्या सहकाऱ्यांनी कचेरीच्या आवारात पुन्हा काडी ओढली नाही. ते आपल्या संत्र्याच्या बागेत जाऊन बसू लागले.

आता तो दावा. लोधीखेड्याच्या पंचक्रोशीत एक आचारी होते. आमच्याकडे आचाऱ्यास 'महाराज' म्हणतात. मारुतीला रोडगे बोलले, की बोलावणे यांना. शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी, शेकडो पानांचा स्वयंपाक ते चाखल्याशिवाय करीत. चाखणे शक्यच नव्हते, कारण देवाला दाखविण्यापूर्वी पदार्थ उष्टा होता कामा नये. आपल्या देवळांतून तर हुंगलेले फूलही चालत नाही. वास घेणे म्हणजे उपभोग घेणे, ही जाण त्या नियमामागे आहे, आणि ती फार सूक्ष्म आहे असे आम्हांस वाटते. नैवेद्यही मुद्दाम हुंगावयाचा नसतो. परंतु श्वासाबरोबर येणारी वाफ कोण अडविणार? निखाऱ्याखालचा रोडगा कधी झाला, तेलात मसाला कधी परतला, हे महाराजांना त्या वाफेवरून कळे. तीच त्यांची विद्या होती.

2017 च्या पावसाळ्यात एका मोटारीने त्यांच्या सायकलीस धडक दिली. हाडे सांधली, जखमा भरल्या. राहिले ते एवढेच, की त्यांचा गंध गेला. नाकाच्या छताशी चाळणीसारखे एक हाड असते. त्याच्या छिद्रांतून गंधाचे तंतू मेंदूकडे जातात, आणि डोक्याला जोराचा हिसका बसला तर ते तुटतात. पुढले दार आणि परसदार, दोहोंच्या वाटा या एकाच चाळणीतून जातात. महाराज आम्हांस म्हणाले, "खारट समजते साहेब, गोड समजते. पण केशर टाकलं का इलायची, काहीच समजत नाही."

कायद्याच्या दृष्टीने हे नुकसान कोठे बसवावयाचे? दिव्यांगांच्या 2016 च्या अधिनियमात 21 प्रकार आहेत. त्यांत गंधहीनता नाही. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात दोनच प्रश्न केले. मीठ कळते का? साखर कळते का? दोन्हींचे उत्तर 'होय' आले, आणि ते समाधानाने खाली बसले. जीभ निर्दोष, तेव्हा आचारी निर्दोष! आमची भिस्त राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिलेल्या निकालावर होती. अवयवाची हानी किती टक्के, हा प्रश्न निराळा आणि त्या मनुष्याच्या कमाईची हानी किती, हा निराळा. डावा हात गेलेल्या सुताराची आणि कारकुनाची हानी एक नव्हे, असे तेथे म्हटले आहे. परंतु त्यासाठी आचाऱ्याचा हात कोणता, हे आधी सिद्ध करणे प्राप्त होते. तेव्हा चिरूटवाल्या सहकाऱ्यांचे ते वाक्य आम्हांस आठवले. आम्ही डॉक्टरांना इतकेच विचारले, की वेलची कोठे ओळखली जाते, जिभेवर की नाकात? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाकात."

दावा लांबला. मध्यंतरी 2020 आणि 2021 ही दोन वर्षे गेली, आणि त्या साथीत चहा म्हणजे गोड गरम पाणी झाल्याचा अनुभव पुष्कळ घरांनी घेतला. कामकाज पुन्हा सुरू झाले तेव्हा प्रतिपक्षाच्या ज्या बाकावर पूर्वी स्मित दिसे, तेथे ते दिसले नाही. नुकसानभरपाई आम्ही मागितली तितकी मिळाली नाही. मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडी अधिक मिळाली. निकालपत्रात मात्र गंध हा त्यांच्या उपजीविकेचा आधार होता, असे शब्द आले.

2023 साली आमचा तालुका छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला, आणि जुनी बासने बांधताना हे कागद पुन्हा हाती आले. महाराज अजून रोडग्यांना जातात. मापे त्यांची, हात त्यांचे. चुलीपाशी त्यांची धाकटी मुलगी उभी असते. तेल तापले की ते तिच्याकडे पाहतात, आणि ती म्हणते, "आता टाका, बाबा."