विमानांच्या शेजारी एक रात्र

मुंबईहून युरोपला जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतरच का सुटतात, ठाऊक आहे? फ्रँकफर्टच्या विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ नेहमीची उड्डाणं बंद असतात. आपल्याकडून रात्री ३ ला निघालं, की तिथे पोचेपर्यंत सकाळ होते. म्हणून तर विलेपार्ल्याच्या लॉजमध्ये रात्री धड कुणी झोपत नाही!

ताई जर्मनीला शिकायला निघाली, तेव्हा आम्ही सगळे साताऱ्याहून तिथेच उतरलो. (खोली घेण्याआधी टर्मिनल कुठलं ते बघा हं! सांताक्रूझचं पहिलं, सहारचं दुसरं. रस्त्याने चांगलंच अंतर आहे.) खोली एवढीशी, भाडं बेताचं. काउंटरपाशी सामान तोलायचा काटा मात्र होता. ताईच्या बॅगेला परवानगी २३ किलोची, काटा २६ वर! आईने चकल्यांचा डबा काढला, आजीने गुपचूप परत घातला. शेवटी दोन जाडजूड पुस्तकं मागे राहिली.

खिडकीची काच सारखी थरथरत होती. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. तरी घरघर चालूच!

तिकीट नसलेल्यांना टर्मिनलमध्ये सोडत नाहीत. दारात ही गर्दी, गाड्यांची घाई. म्हणून ताईने सगळ्यांना खोलीतच नमस्कार केला. तिला सोडून आम्ही परत आलो. ३ वाजून गेले आणि काच थरथरली. आजी खिडकीशी गेली.

"हेच का रे तिचं?"

"हेच," बाबा म्हणाले. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं!