दशांशाचा डबा

आमच्या घरात देव्हारा नव्हता. फडताळाच्या वरच्या कप्प्यात बोर्नव्हिटाचा एक डबा होता. पप्पा रोह्याच्या एसटी आगारात वाहक, आई जिल्हा परिषदेची नर्स. दोघंही मूळचे नगरकडचे. पगार झाला की आधी दहावा हिस्सा त्या डब्यात, मग वाणी. आम्ही चौघं भावंडं. थोरली दोघं कुलाबा जिल्ह्यात जन्मली, धाकटी दोघं 1981 नंतर रायगडात, घर तेच.

पप्पांचं म्हणणं, दशांश मंडळीचा, तो मनिऑर्डरने मुंबईच्या चर्चला जावा. आईची बदली पेण तालुक्यात झाली आणि वाद पेटला. खाली खारेपाट: उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, पावसाळ्यात चहूकडे पाणी आणि प्यायला घोटभर नाही. वर डोंगराला कातकरी वाड्या. पोराला हगवण लागली की लोकांना सलाईन हवं. बाटली लावली की पोर उठतं, अशी समजूत. बाटली लावून पैसे घेणारेही कमी नव्हते. ते पैसे वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन यायचे. दिवाळीनंतर उचल फेडायला अख्खं घर भट्टीवर, पोरांची शाळा बुडाली, पावसाच्या तोंडावर परत. आई म्हणायची, "अहो, हगवण चार दिवसांची, उचल सहा महिन्यांची."

म्हणून डबा उघडला. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ: ही कृती आम्हाला पाढ्यांआधी पाठ झाली. साखर डब्यातून. झाकणाची पिंपं, त्यांच्या तोट्या, टॉर्चचे सेल, अडलेल्या बाईसाठी रात्रीची रिक्षा, सगळं डब्यातून. हिशेब शाळेच्या जुन्या वहीत, ताईच्या अक्षरात.

पप्पा चिडत. "हे सरकारचं काम. देवाच्या पैशातून तू सरकारची उधारी फेडतेस." दादा अजूनही त्यांच्या बाजूचा आहे, आई पिंपं देत राहिली म्हणून सरकारी पिंपं आलीच नाहीत, असं तो म्हणतो. त्याचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही.

आईला आधार जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं ख्रिस्ती जोडपं 1970 साली जामखेडला गेलं. गावाला काय हवं ते त्यांनी विचारलं, तर लोकांनी पाणी आणि धान्य मागितलं. त्यांनी औषधांइतकंच पाण्याचं काम केलं आणि अक्षर न येणाऱ्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. 1979 साली त्यांना मॅगसेसे मिळालं, ती बातमी आईने कापून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली होती.

तरी पप्पा नमले ते जामखेडमुळे नव्हे. एका रविवारी घरच्या प्रार्थनेत चांगल्या शोमरोन्याचा दाखला वाचून झाला. आई म्हणाली, त्याने जखमेवर तेल ओतलं हे सगळ्यांना आठवतं. उतारशाळेचं बिल भरलं आणि आणखी लागलं तर परत येताना देतो म्हणाला, ते कुणी लक्षात ठेवत नाही. पप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात मनिऑर्डर अर्धी झाली.

डबा आता धाकटीकडे, रोह्याला आहे. दादा दर महिन्याला वाद घालतो आणि दर महिन्याला पैसे पाठवतो. गेल्या आषाढात त्यातून दोन पिंपं आणि चार सेल घेतले.