आईची टोपी

रविवार, रात्र. बोटांवरचा फेव्हिकॉल अजून निघत नाहीये.

आई बासष्टाव्या वर्षी बी. ए. झाली, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. १९८९ साली हे विद्यापीठ निघालं तेव्हा ती आमचे डबे भरत होती. सातवीला सुटलेलं तिचं शिक्षण पूर्वतयारीच्या परीक्षेनं पुन्हा रुळावर आलं. गुडघ्यांमुळे दीक्षान्त समारंभाला जाणं जमलं नाही, म्हणून टोपी घरीच करायची ठरवली.

काळ्या कार्डशीटचा २४ सेंटिमीटरचा चौकोन, खाली डोक्याच्या मापाची पट्टी. गवंडी ज्या चौकोनी फळीवर गिलाव्याचा माल घेतो, तिच्यावरून या टोपीला इंग्रजीत नाव पडलंय. आजोबा गवंडीच होते. कापताना सारखे तेच डोळ्यांपुढे येत होते.

पहिली पट्टी फुकट गेली. अंबाडा लक्षातच घेतला नव्हता!

"अगं, केस खाली बांधते की मी," आई म्हणाली.

"नको, तू रोज बांधतेस तसाच राहू दे." दुसरी कापली.

कडेनं तिच्या विरलेल्या इरकलीचा काठ चिकटवला. गोंडा मात्र तिनंच केला: लाल रेशमाचे पदर चार बोटांवर गुंडाळून, मध्ये आवळून, खालून कात्रीनं एका रेषेत कापून. माझ्या वेण्यांना गोंडे लावायची तेव्हाही तोंडात असाच दोरा धरायची.

टोपी घालून ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग दूध उतू जाईल म्हणून तशीच, टोपीसकट, स्वयंपाकघरात गेली.