पाच मिनिटांचा 'आयटम'

परवा आपल्याकडच्या एका कार्यक्रमात तिबेटी पोरापोरींचा नाच ठेवला होता. कोणता कार्यक्रम ते सोडा. निवेदक म्हणाला, "आता पाहूया चायनीज डान्स!" पोरं एकमेकांकडे पाहू लागली. नाच रंगात येतो न येतो तोच पाहुणे आले म्हणून गाणं बंद केलं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. घरी आल्यावर लाज वाटली.

अहो, ही पोरं आपलीच आहेत. गोठणगावजवळची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ ची. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर ती भंडारा जिल्ह्यातच होती. आणि जवाहरनगरात तरी हे सांगावं लागू नये. फॅक्टरीच्या नोकरीपायी कुठून कुठून माणसं इथे आली, आपापले सण घेऊन आली. पण आपल्याला सुट्टी टाकून गावी जाता येते. त्यांना नाही.

१९५९ मध्ये तिबेट सोडल्यावर त्याच वर्षी दलाई लामांनी नाच-गाणं-नाटक जपायला संस्था काढली. पोटापाण्याचा ठिकाणा नव्हता तेव्हा! मला तर हे वाचून नवल वाटलं होतं.

एकदा लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, मी वसाहतीत गेलो होतो. गोरशे म्हणजे गोलातला नाच. सुरुवात संथ, मग हळूहळू पायांचा वेग वाढतो. म्हणजे अर्ध्यात तोडला की खरा नाच राहूनच जातो. गाणं मोबाईलवरून स्पीकरवर लावलं होतं. शेजारी बसलेली आजी कुरकुरत होती, "आजकालच्या पोरी पाय लय जोरात आपटतात." थोड्या वेळाने तीच उठली आणि जाऊन गोलात उभी राहिली. स्पीकर आला म्हणून काही बिघडत नाही बाप्पा. बिघडतं ते माणसं कमी झाल्यावर. तिथली तरणी पोरं शिकायला, कमवायला बाहेर चालली आहेत, काही परदेशात. आपल्या दंडारीचं काय झालं ते पाहतोच आहोत ना?

तर समितीतल्या मित्रांनो, पुढच्या वेळी त्यांना वीस मिनिटं द्या, भाषणं आपली कापा. नाचाचं नाव आधी त्यांनाच विचारा. आणि स्टेज नको, मैदानात जागा ठेवा. मी माझ्या पोरीला घेऊन गोलात येतो. पाय चुकतील, चालेल.